विश्लेषण : डिझेल कंपनीचे, मग हिशोबात पैसे ड्रायव्हरचे का जातात?

कळंबोली, भिवंडी, चाकण किंवा नागपूरजवळचे वाडी. वाहतूक कंपन्यांच्या कचेऱ्या जिथे दाटीवाटीने उभ्या आहेत, तिथे रोज नवे चालक कामावर रुजू होतात. परवाना तपासला जातो, यार्डात एक फेरी मारून हात पाहिला जातो, गाडीची कागदपत्रे आणि किल्ली हातात पडते. सोबत एक डिझेलचे कार्ड, थोडी रोख आणि सुपरवायझरचा मोबाइल नंबर. डिझेल कुठे भरायचे, किती भरायचे, पावती कशी घ्यायची, वाटेतला कुठला खर्च परत मिळणार आणि कुठला नाही, हे मात्र दोन मिनिटांत तोंडी उरकले जाते. ‘बाकी रस्त्यात कळेल’ हे त्यातले शेवटचे वाक्य असते.

कळते ते रस्त्यात नाही, पहिल्या ट्रिपच्या हिशोबात. डिझेल ४० लिटर जास्त लागले, दोन पावत्यांवर गाडीचा नंबर नाही, एक पावती कोरी पडली, हमालीचे बिलच नाही. पगारातून किंवा भत्त्यातून तीन-चार हजार वजा होतात. नव्या माणसाला वाटते आपण फसलो. कंपनीला वाटते याने डिझेल विकले. चालक मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, अशी तक्रार मालवाहतूकदार गेली अनेक वर्षे करत आहेत. त्यांनी आधी हिशोबाच्या टेबलावर काय घडते ते पाहावे.

डिझेलचा विषय एवढा नाजूक का?

लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. अवजड ट्रकची टाकी तीनशे ते चारशे लिटरची असते. लिटरला ९० रुपये धरले तर एकदा टाकी फुल करायला २७ ते ३६ हजार रुपये लागतात. अनेक नव्या चालकांच्या महिन्याच्या पगाराहून ही रक्कम मोठी आहे. एवढे पैसे मालकाच्या नजरेआड, तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या पंपावर, रात्री दोन वाजता खर्च होतात. संशयाला जागा आहे ती इथे.

त्यात भाव एक नाही. १६ जून २०१७ पासून देशभर इंधनाचे दर रोज सकाळी सहा वाजता ठरतात. डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे; प्रत्येक राज्य आपापला मूल्यवर्धित कर लावते. महाराष्ट्रातच मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईसाठी हा कर २४ टक्के आणि उर्वरित राज्यात २१ टक्के होता. १ जुलै २०२४ पासून तो सगळीकडे २१ टक्के झाला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले की लिटरमागे रुपया-दोन रुपयांचा, कधी त्याहून जास्त फरक पडतो. म्हणून ‘हद्द ओलांडून भर’ किंवा ‘निघतानाच फुल कर’ असे निरोप येतात. पाच-पन्नास गाड्या असलेल्या कंपनीसाठी हा फरक महिन्याला लाखात जाऊ शकतो. नव्या चालकाला मात्र कारण कोणी सांगत नाही, फक्त हुकूम मिळतो. मग टाकी तळाला लागलेली असताना तो वाटेतल्या पंपावर शंभर लिटर भरतो आणि भावातला फरक त्याच्या नावावर लिहिला जातो.

कार्ड, चिठ्ठी की रोख?

तीन पद्धती आहेत आणि तिन्हींचे धोके वेगळे.

मोठ्या कंपन्या आता बहुतेक कार्ड देतात. इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचे ड्राइव्ह ट्रॅक प्लस ही त्यातली नेहमीची नावे. कंपनी आपल्या खात्यात आगाऊ पैसे भरते, कार्ड गाडीच्या नंबराशी जोडलेले असते, दिवसाची मर्यादा ठरवता येते आणि व्यवहार झाला की मालकाच्या मोबाइलवर संदेश जातो. कार्ड चालकाच्या खिशात असले तरी पैसा कंपनीच्या खात्यातला आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यामुळे पिन पंपावरच्या माणसाला सांगून ‘तूच टाक’ म्हणणे ही नव्या चालकांची पहिली चूक. तो आकडा कागदावर लिहून कार्डाच्याच पाकिटात ठेवणे ही दुसरी. कार्ड हरवले तर पुढच्या मिनिटाला कंपनीला फोन करायचा आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवायचे. फोनचा पुरावा राहत नाही, संदेशाचा राहतो.

छोट्या मालकांकडे अजून चिठ्ठी चालते. ठरलेल्या पंपावर मालकाचे खाते असते. सुपरवायझर गाडी नंबर आणि लिटर लिहून चिठ्ठी देतो, पंपवाला डिझेल भरतो, महिनाअखेरीस बिल येते. गैरव्यवहाराला सर्वांत सोपी जागा हीच. चिठ्ठी दोनशे लिटरची, टाकीत एकशे ऐंशी आणि वीस लिटरचे पैसे वाटून घेतलेले. हे होते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नव्या चालकाला याचे आमिष पहिल्या आठवड्यातच दाखवले जाते, बहुधा पंपावरच. आणि एकदा हो म्हटले की पंपवाल्याच्या हातात त्याची शेंडी राहते ती कायमची.

रोख सर्वांत त्रासाची. आयकराच्या नियमांत एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च सहसा उत्पन्नातून वजा मिळत नाही. म्हणून कंपनीचा हिशोबनीस मोठ्या रोख पावतीकडे आधीच वाकड्या नजरेने पाहतो. चालकाने स्वतःच्या यूपीआयवरून पैसे भरले तर आणखी गुंता. पैसे त्याच्या खात्यातून गेले, गाडी कंपनीची, पावतीवर नाव कोणाचेच नाही. कार्ड चालले नाही म्हणून कधी नाइलाजाने असे भरावे लागले, तर भरण्याआधी सुपरवायझरचा ‘भर’ असा एका शब्दाचा संदेश घ्यावा. त्या एका शब्दावर पुढचे पाच हजार अवलंबून असतात.

पंपावर नेमके काय करायचे?

इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, मोबाइल आणि विडी-सिगारेट दूर. हे सगळ्यांना माहीत असते आणि घाईत सगळेच विसरतात. पंपाच्या टाकीत टँकर खाली होत असेल तर थोडे थांबावे किंवा पुढच्या पंपावर जावे. तळाचा गाळ ढवळला जाऊन फिल्टरला त्रास होऊ शकतो, शिवाय तेवढा वेळ आगीचा धोकाही जास्त.

मग केबिनमधून खाली उतरायचे. हे वाक्य साधे आहे, पण रात्री केबिनमध्ये बसूनच कार्ड खिडकीतून देणाऱ्यांची संख्या कमी नाही. मशीनवर शून्य आणि त्या दिवसाचा भाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, जमल्यास फोटो घ्यायचा. भरताना कोणी गप्पांत गुंतवत असेल तर उत्तर नंतर द्यावे. टाकी गळ्यापर्यंत भरू नये. उन्हात डिझेल फुगते आणि वळणावर झाकणातून सांडते. ते सांडलेले लिटरही शेवटी चालकाच्याच ‘अ‍ॅव्हरेज’मध्ये मोजले जाते.

माप कमी वाटले तर पाच लिटरच्या शासकीय मोहोर असलेल्या मापाने मोजून दाखवा, अशी मागणी करण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि ते माप पंपावर असावेच लागते. शंका घेणे म्हणजे भांडण काढणे नव्हे. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणच्या पंपांवर छापे टाकले, तेव्हा मशीनमध्ये फेरफार करून माप मारण्याचे प्रकार उघड झाले होते. टाकीत कमी पडलेले डिझेल कंपनीच्या कागदावर ‘चालकाने जाळलेले’ म्हणूनच दिसते, म्हणून ही तपासणी सर्वांत जास्त चालकाच्याच फायद्याची आहे.

पावतीवर गाडीचा नंबर, तारीख-वेळ, भाव, लिटर आणि रक्कम हवी. किलोमीटरचा आकडा छापून येत नसेल तर पेनाने लिहावा. या पावत्या उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात. डॅशबोर्डवर उन्हात चार दिवस राहिल्या की कोऱ्या होतात. घेतल्याबरोबर पावती आणि किलोमीटर मीटर एकाच चौकटीत येतील असा फोटो काढून पाठवला की अर्धा हिशोब तिथेच होतो.

आता युरियाचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि अवजड ट्रकमध्ये डिझेलच्या शेजारी एक दुसरी, बहुधा निळ्या झाकणाची टाकी आली. तिच्यात जाते ते युरियाचे द्रावण, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी. ते संपत आले की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद आपोआप कमी होते. भरलेली गाडी घाटात रांगू लागते. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर इंधनयंत्रणेची दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. गाडी सुरू न करता तिथेच थांबवून टाकी रिकामी करून घेणे हा त्यातला एकमेव शहाणपणा. युरिया कार्डावर घेता येतो का, सुटा डबा विकत घेतला तर पैसे मिळतात का, हे निघण्याआधी विचारून ठेवावे. बऱ्याच कंपन्यांच्या खर्चाच्या नमुन्यात अजून या द्रावणासाठी वेगळा रकानाच नाही.

‘अ‍ॅव्हरेज’ कोण ठरवते?

खरे भांडण इथे आहे. कंपनी प्रत्येक गाडीला एक आकडा ठरवून देते. समजा, लिटरला चार किलोमीटर. कळंबोली ते नागपूर आणि परत मिळून १७०० किलोमीटर धरले तर ४२५ लिटर मंजूर. त्यापेक्षा जास्त लागले तर फरकाचे पैसे चालकाकडून.

पण ही गाडी दोन्ही बाजूंनी भरून धावली आणि प्रत्यक्षात लिटरला ३.६ किलोमीटर पडले, तर ४७२ लिटर लागतील. फरक ४७ लिटरचा. ९० रुपयांनी ४,२३० रुपये. चालकाने एक थेंबही इकडेतिकडे केलेला नसताना पाच-सहा दिवसांचा भत्ता गेला. उलट तीच गाडी परतताना रिकामी आली आणि रिकामीला पाचचे अ‍ॅव्हरेज पडले, तर सुमारे ४०६ लिटरमध्ये फेरी होते, १९ लिटर वाचतात. त्या १९ लिटरचे पैसे चालकाला मिळतात का? काही मालक देतात, काही निम्मे देतात. जे तूट पूर्ण वसूल करतात आणि बचत मात्र स्वतःकडे ठेवतात, त्यांच्याकडे शिस्त आहे असे म्हणवत नाही. तो एकतर्फी सौदा आहे.

अंतराचेही तसेच. कंपनी नकाशावरचे किलोमीटर धरते. चालक नो-एंट्रीमुळे बाहेरून वळसा घेतो, गोदामाचा पत्ता चुकीचा असतो, वजनकाटा चार किलोमीटर मागे असतो. ४० किलोमीटर वाढले तर दहा लिटर, म्हणजे ९०० रुपये. उरणला बंदराबाहेरच्या रांगेत किंवा कारखान्याच्या फाटकावर इंजिन चालू ठेवून सरकत राहिले तर किलोमीटर वाढत नाहीत, डिझेल मात्र जळत राहते.

आणि आता वातानुकूलन. केंद्राच्या नियमानुसार २०२५ मध्ये ठरलेल्या मुदतीनंतर तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. उन्हाळ्यात विदर्भातून गाडी हाकणाऱ्याला याची किंमत सांगायला नको. पण एसीला डिझेल लागते. अ‍ॅव्हरेजचा जुना आकडा तसाच ठेवला, तर चालक भत्ता वाचवण्यासाठी एसी बंद करून खिडक्या उघडेल. थकवा कमी व्हावा म्हणून आलेला नियम हिशोबाच्या टेबलावर रद्द होईल, आणि ते कुठल्याही सरकारी कागदावर दिसणार नाही.

अ‍ॅव्हरेज मोजण्याची सरळ रीत जुनीच आहे, टाकी ते टाकी. निघताना फुल, मीटरचा आकडा लिहिला. परत आल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा फुल. मधल्या सगळ्या पावत्यांचे लिटर अधिक शेवटचे लिटर, त्याने किलोमीटरला भागायचे. नव्या चालकाने गाडी ताब्यात घेताना टाकी किती भरलेली आहे हे लिहून घेतले नाही, तर आधीच्या चालकाची तूट त्याच्या माथी येते. हे इतक्या वेळा घडते की याला चूक म्हणण्यापेक्षा रिवाज म्हणावे.

याचा आणि नवले पुलाचा काय संबंध?

संबंध थेट आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहनांचे अपघात वर्षानुवर्षे होत आहेत. डिझेल वाचवण्यासाठी चालक या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात किंवा इंजिनच बंद करतात, हे पोलिसांनी आणि महामार्गाच्या यंत्रणांनी वारंवार सांगितले आहे. फलक लागले, वेगमर्यादा खाली आली, कॅमेरे आले. चालक असे का करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. त्याच्या डोक्यात अ‍ॅव्हरेजचा आकडा असतो. खंबाटकी असो, कसारा असो, उतार आला की त्याला तिथे दोन लिटर दिसतात.

गंमत म्हणजे ते दोन लिटर तिथे नसतातच. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठा जवळपास थांबतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त, आणि इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद केले तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर टाकीतली हवा उतरते, स्टीअरिंग जड होते. चाळीस टनांची गाडी मग कोणाच्याच हातात राहत नाही. रुजू होताना ही गोष्ट चालकाला दहा मिनिटे नीट समजावून सांगणारी कंपनी कितीही फलकांपेक्षा जास्त उपयोगाची. पण तीच कंपनी एका लिटरसाठी भत्ता कापत असेल, तर समजावण्याचा उपयोग होणार नाही.

बाकीचे खर्च : वाराई, पंक्चर आणि ‘एंट्री’

टोल आता फास्टॅगमधून जातो, त्यामुळे तो प्रश्न मिटला असे वाटते. पण टॅगमधले पैसे संपले की नाक्यावर उभा असतो तो चालक. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार राष्ट्रीय महामार्गावर वैध फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. चारशेच्या टोलला रोख आठशे, यूपीआयने पाचशे. टॅग भरायची जबाबदारी कंपनीची होती, तर हा जादा भार चालकाच्या खर्चीतून जाण्याचे कारण नाही. अशा वेळी यूपीआयने भरावे, पावती ठेवावी आणि हिशोबात तो वेगळ्या ओळीत दाखवावा.

पंक्चर, हवा, वजनकाटा, पार्किंग यांची पावती मागितली तर मिळते, कधी वहीच्या फाटक्या पानावर. काही कंपन्या असे पान नाकारतात. रात्री तीन वाजता टायर काढून देणारा माणूस छापील पावती देणार नाही, हे हिशोबनिसालाही माहीत असते. अशा खर्चासाठी कंपनीनेच छापील व्हाउचर द्यावे, त्यावर जागा, वेळ, रक्कम आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर लिहिला की पुरे.

वाराईचे दुखणे मोठे. माल उतरवताना गोदामावर चालकाकडून घेतली जाणारी ही रक्कम कोणी भरायची, यावर वाहतूकदार ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा देत वर्षानुवर्षे भांडत आहेत. मालकाने माल घेणाऱ्याशी भांडायचे ते भांडावे, पण तोवर फाटकावर उभ्या असलेल्या चालकाने ती खिशातून भरायची आणि बिल नाही म्हणून विसरायची, हे कुठल्या न्यायात बसते?

राहिली ‘एंट्री’. तिची पावती नसते आणि कोणी मागतही नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चालकांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश चालकांनी रस्त्यावर लाच द्यावी लागते असे सांगितले होते. बऱ्याच कंपन्या ही रक्कम ‘इतर’ किंवा ‘चहापाणी’ या नावाखाली ठोक देतात. ठोक संपली की उरलेली चालकाची. ही लाच बंद करणे चालकाच्या हातात नाही, पण गाडी ओव्हरलोड करून पाठवणाऱ्याच्या हातात त्यातला बराच भाग आहे. दंड आणि एंट्री, दोन्हींचे मूळ अनेकदा बिल्टीवरच्या वजनात असते.

कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दोन गोष्टी चालकांच्या कामाच्या आहेत. कामाच्या स्वरूपामुळे पडणारा खास खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम वेतनात मोजली जात नाही. म्हणजे डिझेल, टोल, पंक्चर यांसाठीची खर्ची हा पगार नाही, आणि ती दाखवून ‘एवढे तर दिले’ असे पगाराबाबत म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट कपातीची. ताब्यात दिलेल्या मालाचे किंवा हिशोब द्यायच्या पैशांचे नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झाले असेल, तरच त्यापोटी पगार कापता येतो; तोही नुकसानीपेक्षा जास्त नाही आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच. सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. जुन्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही नुकसानीच्या कपातीबाबत अशीच अट होती, म्हणजे हे काही नवे लाड नाहीत. या तरतुदी साध्या डोळ्यांनी वाचल्या तर ‘अ‍ॅव्हरेज कमी आले, कापा’ एवढ्यावर कपात टिकत नाही. अ‍ॅव्हरेज का कमी आले, हे आधी विचारले पाहिजे.

नोकरी सोडली किंवा काढले तर उरलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. ‘शेवटच्या तीन ट्रिपचा हिशोब बाकी आहे, मग या’ म्हणून महिनोन्‌महिने फिरवणाऱ्यांनी ही ओळ वाचावी. थकलेल्या रकमेसाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे आणि पहिली पायरी कामगार आयुक्तांचे कार्यालय. अडचण एकच, नेमणूकपत्र. नव्या संहितांनी ते देणे बंधनकारक केले असले तरी ‘ट्रिपवर’ ठेवलेल्या चालकाच्या हातात आजही काहीच नसते. मग त्याच्याकडे पुरावा म्हणून उरतात ते कार्डाचे संदेश, पावत्यांचे फोटो आणि स्वतःची डायरी.

कंपन्यांनी काय बदलायला हवे?

डिझेल चोरणारे चालक आहेत, हे नाकारून ही चर्चा करता येत नाही. प्रामाणिक मालकाने लाखो रुपये गमावल्याची उदाहरणे या धंद्यात हवी तेवढी आहेत. टाकीत सेन्सर बसवणे, झाकणाला कुलूप लावणे, जीपीएस पाहणे यात काही गैर नाही. उलट सेन्सरचा आलेख चालकाला सोडवतोही. रात्री धाब्यावर झोपला असताना टाकीतून डिझेल काढून नेणाऱ्या टोळ्या महामार्गांवर आहेत, आणि आलेखात ती घसरण वेळेसकट दिसते. पण तो आलेख फक्त मालकाच्या मोबाइलवर असेल तर त्याचा उपयोग एकाच बाजूला होतो.

अ‍ॅव्हरेजचा आकडा एक न ठेवता भरलेल्या गाडीचा, रिकाम्या गाडीचा आणि घाटाच्या मार्गाचा वेगळा असावा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नव्या चालकाची फक्त नोंद घ्यावी, कपात करू नये. खर्चाचा तक्ता मराठी-हिंदीत, एका पानावर, किल्लीसोबत द्यावा. त्याला खर्च येतो तो झेरॉक्सचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशोब गाडी परतल्यावर आठवडाभरात पुरा करावा. ट्रिपमागून ट्रिप ‘बाकी’ पुढे ओढत राहिली की चालक सोडूनही जाऊ शकत नाही आणि मनापासून कामही करत नाही. त्याच्या खिशातले पाच-सात हजार कायम कंपनीकडे अडकलेले राहतात. याला बिनव्याजी कर्ज म्हणतात, फक्त इथे कर्ज देणारा महिन्याला वीस-पंचवीस हजार कमावणारा आहे.

किल्ली घेण्याआधी

नव्या चालकाने किल्ली हातात घेण्याआधी काही प्रश्न विचारायला लाजू नये. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे अ‍ॅव्हरेज किती धरले आहे, किलोमीटर नकाशाचे की मीटरचे, डिझेल वाचले तर पैसे कोणाला, युरिया आणि वाराईचे काय, कार्ड चालले नाही तर कोणाला फोन करायचा आणि तो रात्री उचलतो का. उत्तरे तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावीत, ‘भाऊ, आज ठरले ते असे’ एवढ्याच शब्दांत. त्याखाली त्या दिवशीच्या मीटरचा आणि डिझेलच्या काट्याचा फोटो जोडावा. समोरून उत्तर आले नाही तरी तारीख पडते.